दादा, इंजिन विचारून बदलायचं होतंस

दादा,

तू गेल्यापासून परतूरच्या घरी माणसांची रीघ लागली आहे. मोंढ्यातले अडते येतात, हमाल येतात, खेड्यापाड्यांतून शेतकरी येतात. खाली सतरंजीवर टेकतात, अर्धा कप चहा घेतात, तुझ्या फोटोकडे बघतात आणि उठताना बहुतेक सगळे एकच बोलतात, "माधवरावांनी जिंदगीत कुणाला फसवलं न्हाई." वहिनी डोळ्यांना पदर लावतात. मी मान हलवते. अशा वेळी बहिणीनं दुसरं करायचं तरी काय असतं?

पण ती माणसं गेल्यावर मी तुझ्याशी खोटं का बोलू? तू मला फसवलंस. बाजारात कुणाला फसवलं नसशील, त्याबद्दल मी शपथ घ्यायला तयार आहे. मला मात्र फसवलंस, तेही अशा गोष्टीत, जी आपल्या दोघांखेरीज कुणाला नीट कळणारही नव्हती. लोक म्हणतील, एका गाडीच्या इंजिनावरून बहीण भावावर एवढी रुसली. म्हणू देत.

अण्णांची तेलाची गिरणी होती तेव्हा तू गल्ल्यापाशी बसायचास आणि मी इंजिनापाशी. तसं कुणी ठरवलं नव्हतं. तुला माणसं आवडायची, मला तो धडधडणारा आवाज. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला, म्हणजे आत काय बिघडलंय ते ऐकू येतं, हे अण्णांनी मला शिकवलं. तुलाही शिकवायला बघितलं होतं. तू म्हणालास, "मला नुसता गोंधळ ऐकू येतो," आणि अण्णा हसले. पुढं मी इंजिनिअरिंगला जायचं म्हटलं तेव्हा घरात फक्त अण्णा आणि तू हो म्हणालात. ते मी विसरलेले नाही. म्हणून तर पुढचं सगळं जास्त लागलं.

अण्णांची लँडमास्टर तेव्हाच जुनी होती. अस्मानी रंग, गोल गुबगुबीत बॉनेट, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. जालन्याच्या एका व्यापाऱ्यानं वापरून काढलेली ती गाडी अण्णांनी घेतली आणि घरात लग्न निघाल्यासारखा आनंद झाला. तिचा आवाज रेल्वे फाटकापाशी ऐकू आला की आई तव्यावर भाकरी टाकायची. अण्णा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. आपल्याला घड्याळ लागायचं नाही.

अण्णा गेले आणि गाडी गिरणीच्या शेडमध्ये पडून राहिली. गिरणी बंद झाली, तू अडत दुकान टाकलंस, मी जालन्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले. मग एक दिवस तुझा फोन आला. "शकू, अण्णाची गाडी उंदरं खाऊन राह्यले. काढू का बाहेर?"

मी दुसऱ्याच रविवारी सकाळच्या गाडीनं परतूरला आले.

ते रविवार आठवतात का तुला? अख्खं इंजिन आपण दोघांनी खाली उतरवलं. मी खोलत जायची, तू रॉकेलमध्ये एकेक भाग धुऊन पोत्यावर मांडायचास, भांडी घासल्यासारखा. कधी पाना हातात न धरलेला माणूस तू, पण पावसाळा संपेस्तोवर नटाकडं बघून पान्याचं माप सांगायला लागलास. इंजिनाचा ब्लॉक बोअरिंगला जालन्याला नेला तेव्हा टेम्पोत त्याच्याशेजारी तूच बसलास, लेकराला दवाखान्यात न्यावं तसा. व्हॉल्व्ह मी स्वतः घासून बसवले. माझ्या तळव्यांना फोड आले तेव्हा तू वहिनींकडून हळद मागून आणलीस आणि म्हणालास, "मास्तरीणबाई, आता पुरे. अण्णा वरून शिव्या देतील मला."

लहानपणी आपण एवढं बोललो नव्हतो. सुरेशनं मला सोडलं त्या गोष्टीला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण घरात कुणी तो विषय काढत नसे. सगळ्यांनी जणू ठरवलंच होतं की मला नवरा कधी नव्हता. तू ब्लॉक पुसत होतास. माझ्याकडं न बघता विचारलंस, "शकू, जायच्या आधी तो तुला काही बोलला होता का?"

"नाही," मी म्हणाले. "सगळं ठरवून झाल्यावर सांगितलं. घर बघून झालं होतं, सामान हललं होतं. मी एकटीच होते जिला माहीत नव्हतं."

तू बराच वेळ फडकं फिरवत राहिलास. मग म्हणालास, "हे वाईट केलं त्यानं. जायचं तर जा, पण माणसाला सांगावं तरी. असं अंधारात ठेवू न्हाई कुणाला."

दादा, हे तुझे शब्द आहेत.

इंजिन सुरू झालं तो दिवस तर तू कुणाला विसरू दिला नाहीस, येईल त्याला स्वतःच सांगायचास. पुढं हँडल मारून मारून तुझा सदरा भिजला होता. मी कार्बोरेटरपाशी वाकलेली. एकदम पकडलं आणि शेडच्या पत्र्यांवरची कबुतरं उडाली. तोच आवाज, खोल, थोडा अडखळत, मग एका लयीत. वहिनी कणकेच्या हातानं धावत आल्या. तू बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "या इंजिनाला शकूबिगर कुणाचा हात लागणार न्हाई." मी तुला तसं म्हणायला सांगितलं नव्हतं. तू तुझ्या मनानं म्हणालास.

मग लग्नसराई आली. ओळखीतलं कुणीही म्हणे, "माधवराव, नवरदेवासाठी गाडी पायजे," आणि तुला नाही म्हणता येत नसे. तू स्वतः चालवत न्यायचास. फुलांच्या माळा, मागं नवरदेव, पुढं बँड. तुला ते फार आवडायचं आणि मलाही तुझं ते आवडणं आवडायचं. पण भर उन्हाळ्यात तीर्थपुरीच्या त्या वरातीत गाडी मारुतीच्या देवळासमोर उकळली. बॉनेटमधून वाफेचा लोट, नवरदेवाच्या फेट्यावर फुफाट्याची धूळ, बँडवाले थांबलेले. शेवटी वऱ्हाड्यांनी गाडी ढकलत मांडवापर्यंत नेली. कुणीतरी त्याचं शूटिंग घेतलं आणि ते तालुकाभर मोबाइलवर फिरलं.

"शकू, इज्जत गेली," तू फोनवर म्हणालास.

मी आले, गाडी बघितली, तुला समजावलं. वरातीत गाडी मुंगीच्या पावलानं चालते, रेडिएटरला वारा लागत नाही, इंजिनावरचा पंखाही मंद फिरतो. दोष इंजिनाचा नाही, आपण त्याला जे करायला लावतो त्याचा आहे. जाड जाळीचा रेडिएटर बनवून घेऊ, पुढं विजेचा पंखा बसवू, काम होईल. "दिवाळीच्या सुट्टीत मी येते," मी म्हणाले.

"बराबर," तू म्हणालास. "तू म्हणशील तसं."

मी जालन्यात एका कारागिराकडं रेडिएटर बनवायला टाकला. मापं घेतली, दोनदा जाळी बदलून घेतली. दिवाळी आली तेव्हा तू म्हणालास, शेडमध्ये सोयाबीनची पोती लावलीत, गाडीपर्यंत जायला वाट नाही. नंतर म्हणालास, मी बाहेरगावी आहे. मग म्हणालास, शेडची किल्ली वहिनींच्या पर्समध्ये गेली आणि त्या माहेरी धावड्याला गेल्या आहेत. माणसाच्या आयुष्यात पोती असतात, बाहेरगाव असतं, माहेर असतं. मी सगळं खरं मानलं. एकदा तर तूच मला विचारलंस, "रेडिएटर झाला का गं?" मी सांगितलं, झालाय, फार देखणा झालाय. "वा," तू म्हणालास.

तेव्हा इंजिन गाडीत नव्हतंच. ते जाऊन कितीतरी दिवस झाले होते.

मला हे कळलं ते जालन्याला, आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात. मी लॉनच्या दारात उभी होते. बँडच्या मागून एक अस्मानी गाडी वळली. झेंडूच्या माळा, गोल बॉनेट. मला वाटलं, अरे, दुसरी कुणाची तरी आपल्यासारखीच गाडी दिसतेय. कारण आवाजच नव्हता. बँड थांबला तरी काही ऐकू येईना. मग काचेतून तू दिसलास. तूही मला बघितलंस आणि तुझा चेहरा उतरला. त्या लग्नात मी असेन हे तुझ्या ध्यानात आलं नव्हतं.

नवरदेव उतरून आत गेल्यावर मी तुझ्यापाशी आले. "बॉनेट उघड, दादा."

"इथं नको शकू. लोक पाहून राह्यले."

"उघड."

तू उघडलंस. आत काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली कुठल्यातरी नव्या गाडीचं इंजिन बसलेलं. नवा गिअरबॉक्स, नव्या वायरी, सगळं स्वच्छ, चकचकीत. स्टिअरिंगचा गिअर गेला होता. अण्णांचे पाय जिथं असायचे तिथला तळाचा पत्रा कापून खालून गिअरचा दांडा वर काढला होता. मी वाकून मागपर्यंत बघितलं. मागच्या चाकांना फिरवणारा डिफरन्शियलसुद्धा बदलला होता.

"आपलं इंजिन कुठंय?"

तू माळेतली फुलं नीट करत होतास. "गेलं."

"कुठं गेलं?"

"भंगारात. शेडमधलं बाकी लोखंड नेऊन राह्यला होता तो माणूस, त्याच्यासंगं दिलं. इथंच आलं, जालन्याच्या भट्टीत."

माझ्या घराच्या गच्चीवरून त्या स्टीलच्या कारखान्यांचा धूर दिसतो हे तुला माहीत होतं. ज्या ब्लॉकला तू मांडीशी धरून जालन्याला आणलं होतंस, तो पुन्हा जालन्याला आला आणि वितळला. आता कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन बसला असेल. मी त्या दिवशी कुठं होते? बहुतेक वर्गात इंजिनच शिकवत असेन.

"मला का नाही सांगितलंस?"

यावर तू जे बोललास त्यात एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुला विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस. आणि तू न्हाई म्हणल्यावर मला करता आलं नसतं. म्हणून विचारलं न्हाई."

मी तुझ्याशी तिथं भांडले नाही. लग्नाचं जेवण न घेता घरी आले. दुसऱ्या दिवशी वहिनींना फोन केला तेव्हा कळलं, त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तुझ्या लेकाला, निखिलला, पुण्यात ठाऊक होतं. दुकानातल्या हमालांना ठाऊक होतं. "आत्याच्या कानावर जाऊ देऊ नका," असं तू सगळ्यांना बजावलं होतंस. पुन्हा एकदा मी एकटीच होते जिला माहीत नव्हतं. दादा, इंजिन लोखंडाचं होतं, ते आज ना उद्या जाणारच होतं. पण माझ्या आयुष्यात हे आधी एकदा झालंय हे जगात नीट माहीत असलेला माणूस तू होतास, आणि तू ते दुसऱ्यांदा केलंस.

त्या वर्षीची राखी मी पोस्टानं पाठवली. भाऊबीजेला मात्र तू स्वतः आलास, तीच गाडी घेऊन. मी तुला ओवाळलं. तू ताटात साडी ठेवलीस. मग चहा घेताना तूच विषय काढलास.

"अण्णानं गिरणीचं जुनं इंजिन काढून बिजलीची मोटर बसवली, तवा ते रडले होते का? त्यांनी पण भंगारातच दिलं की. यंत्र हाय शकू, देव न्हाई. चाललं तर ठेवायचं, न्हाई तर बदलायचं. अण्णाची गाडी रस्त्यावर फिरून राह्यली, लेकरं तिच्यापाशी फोटो काढून राह्यले, हे बरं का शेडमधी उकळत पडलेली बरी?"

हे बोलणं चुकीचं नव्हतं. मी वर्गात मुलांना जवळपास हेच सांगते. मी म्हणाले, "अण्णांनी मोटर बसवायच्या आधी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. आईला, तुला, मला. मी रडले तेव्हा मला इंजिनापाशी नेऊन शेवटचं चालू करू दिलं होतं. त्यांनी इंजिन बदललं, दादा. तू इंजिन पळवलंस."

तू कप खाली ठेवलास. म्हणालास, "चल, एक चक्कर मारून येऊ. बसून तर पाहा."

"नाही."

"बरं. मंग पुढच्या बारी बोलू."

पुढची बारी आली नाही. दुकानात दुपारी सोयाबीनचा भाव बोलता बोलता तू गादीवर कलंडलास. मी परतूरला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि तुझ्याशी बोलण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

अस्थी गोदावरीला न्यायच्या दिवशी निखिलनं भाड्याची मोठी गाडी सांगितली होती. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या गाडीतच न्यायचं." निखिलनं ती कधी चालवलेली नाही. तो माझ्याकडं बघायला लागला. वहिनींनीही बघितलं. म्हणाल्या, "ताई, तुम्हीच चालवा."

मी कशी नाही म्हणणार होते?

इंजिन बदलल्यावर पहिल्यांदाच त्या गाडीत बसले. किल्ली फिरवली आणि सुरू झाली, काही करावंच लागलं नाही. माझा डावा हात सारखा स्टिअरिंगच्या दांड्याकडं गिअर शोधायला जायचा, तिथं काही नसायचं, मग खाली यायचा. फाटक ओलांडलं, घनसावंगीचा रस्ता लागला. निखिल पुढं कलश घेऊन, वहिनी मागं. मला त्या इंजिनात खोट सापडायला हवी होती. मी कान देऊन बसले होते. चढावर दाबलं, खड्ड्यांतून नेलं, उतारावर गिअर उतरवले. कुठं कंप नाही, कुठं खडखड नाही. शाफ्टची लांबी बरोबर, माउंटिंग सरळ. मी आयुष्यभर हेच शिकवत आले आहे, त्यामुळं सांगते. काम अव्वल झालंय, दादा. वाईट झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"हे कुणी केलं वहिनी?" मी विचारलं.

"संभाजीनगरच्या एका गॅरेजवाल्यानं," त्या म्हणाल्या. "हे तिथं मुक्कामाला गेल्ते. त्याला रोज म्हणायचे, नीट कर बाबा, माझी बहीण कॉलेजात हेच शिकवते. ती येऊन एकेक बोल्ट तपासणार हाय. तिला पसंत पडलं पायजे."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. एका बाभळीखाली थांबवली. निखिल म्हणाला, "आत्या, पाणी देऊ का?" मी नको म्हणाले. मला तुझा तेवढा राग आजवर कधी आला नव्हता. म्हणजे तू मला विसरला नव्हतास. प्रत्येक बोल्ट आवळताना मी तुझ्यापुढं उभी होते. त्या परक्या माणसाला तू माझं नाव सांगत होतास, माझा धाक घालत होतास, आणि मला फोनवर सोयाबीनची पोती सांगत होतास. तुला माझी पसंती पाहिजे होती, फक्त माझा नकार नको होता. पण नकार द्यायची मोकळीक नसलेल्या माणसाच्या पसंतीला काय किंमत, हे तुझ्यासारख्या रोज सौदे करणाऱ्या माणसाला कळत नव्हतं का?

आणि दादा, मी 'नाही' असंच म्हणाले असते. ते तू बरोबर ओळखलं होतंस. आपण कडकडून भांडलो असतो. तू तुझा अण्णांच्या मोटरीचा मुद्दा काढला असतास, मी माझा रेडिएटर पुढं केला असता. कदाचित एखाद्या वरातीत तो रेडिएटरही उकळला असता आणि मग मीच म्हणाले असते, जाऊ दे, बदल. जुनं इंजिन मी माझ्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ठेवलं असतं, मुलांनी त्यावर हात बसवला असता. किंवा मी हट्ट सोडलाच नसता आणि आपण वर्षभर बोललो नसतो. जे काय झालं असतं, ते आपल्या दोघांचं झालं असतं. ते भांडण माझ्या हक्काचं होतं. तेवढं तू माझ्याकडून काढून घेतलंस.

नदीला पाणी होतं. गुरुजींनी मंत्र म्हटले, निखिलनं कलश उपडा केला. मीही पाण्यात उतरून ओंजळभर पाणी सोडलं. मला वाटलं होतं त्या वेळी काहीतरी सुटेल. तसं काही झालं नाही. तू मला हळद आणून दिली होतीस, घरात सगळे विरोधात असताना माझ्या शिक्षणाला हो म्हणाला होतास, त्या ओसाड वर्षांत माझं दुःख विचारणारा तू एकटा होतास. हे सगळं त्या पाण्यात उभं राहून मी तुला मनोमन सांगितलं. त्यासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे. आणि इंजिनासाठी तुला माफ केलेलं नाही, हेही सांगितलं. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं कमी होत नाही.

परत निघताना निखिल घाटावर गुरुजींशी बोलत होता. वहिनी गाडीपाशी माझ्याजवळ आल्या. हातातलं पितळी तांब्या-पळीचं गाठोडं सावरत, खाली बघत म्हणाल्या, "ताई, एक विचारायचं होतं. निखिल म्हणतो गाडी विकून टाकू, पुण्याला कोण नेणार. एक जण मागून पण राह्यला. पण मी त्याला बोलले, आत्याला विचारल्याबिगर काही करायचं न्हाई." त्यांनी गाठोडं छातीशी धरलं. "मागच्या बारीच मी यांना बोलायला पायजे होतं. ताई, तुम्ही सांगा, ठेवायची का द्यायची?"

त्या तशाच उभ्या राहिल्या, माझं उत्तर काय येतंय याची वाट बघत. घाई न करता, मी जे म्हणेन ते ऐकायच्या तयारीनं.

"विका," मी म्हणाले.

मग आम्ही दोघी मागच्या सीटवर बसून खूप रडलो.